वाळवंटातले पत्र्याचे हत्ती

'करिअर' हा शब्द आपल्या घरांमध्ये नेमका कधी शिरला, कोणी सांगू शकेल का? आजोबांच्या पिढीत नोकरी होती, धंदा होता, फार तर 'पेशा' होता. वडिलांच्या पिढीत 'परमनंट' होणं होतं. आम्ही दहावीला पोचेपर्यंत मात्र करिअर येऊन दारात उभं राहिलं होतं. आणि येताना ते आपल्याबरोबर एक चित्र घेऊन आलं. सरळ रस्ता, ठरावीक अंतरावर मैलाचे दगड, शेवटी एक बंगला. दगड चुकला की माणूस चुकला!

आज ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे त्याच्या रस्त्यावर एकही दगड ठरल्या जागी नव्हता. त्याचं नाव रिकार्डो ब्रेसेडा. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात त्याने केलेली लोखंडी जनावरं उभी आहेत, शंभराहून जास्त. मी गेली बरीच वर्षं सॅन डिएगोत राहतो. भारतातून कोणी आलं की समुद्र आणि प्राणिसंग्रहालय दाखवून झाल्यावर मी त्यांना तिकडे घेऊन जातो. मावशीपासून मित्राच्या सासऱ्यांपर्यंत आजवर कोणी कंटाळलेलं मला आठवत नाही. पण जनावरांचे फोटो सगळ्यांकडे आहेत, ती घडवणाऱ्या माणसाची गोष्ट मात्र कोणाला माहीत नसते. म्हणून हा लेख.

आधी जागा समजून घेऊ. सॅन डिएगोहून पूर्वेला डोंगर चढून पलीकडे उतरलं की दोनेक तासांत बोरेगो स्प्रिंग्ज नावाचं गाव लागतं. वस्ती तीनेक हजारांची. गावात एकही ट्रॅफिक सिग्नल नाही. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि वर्षाचा पाऊस जेमतेम पाच-सहा इंच. गावाच्या चारी बाजूंना अँझा-बोरेगो हे सहा लाख एकरांहून मोठं राज्य उद्यान पसरलं आहे. कॅलिफोर्नियातलं हे सगळ्यात मोठं राज्य उद्यान. 'उद्यान' म्हटल्यावर आपल्याला कारंजं आणि घसरगुंडी आठवते, इथे मात्र नुसती वाळू, खडक, निवडुंग आणि आभाळ. त्या आभाळासाठीही हे गाव प्रसिद्ध आहे. रात्री दिवे कमीत कमी ठेवून अंधार जपल्याबद्दल 2009 साली त्याला 'डार्क स्काय' गावाचा मान मिळाला.

'बोरेगो' म्हणजे स्पॅनिशमध्ये मेंढरू. इथल्या डोंगरांत मोठ्या वळणदार शिंगांच्या रानमेंढ्या आहेत, त्यांच्यावरून हे नाव. आणि 'अँझा' कोण, ते पुढे येईलच.

ब्रेसेडा मूळचा मेक्सिकोतल्या दुरांगो राज्यातला. हजारो लोक येतात तसाच उत्तरेला आला आणि बांधकामावर कामाला लागला. तिथे एक दिवस तो पडला. पाठीला जबर मार बसला आणि बांधकामाचं काम कायमचं सुटलं. अंगमेहनतीवर पोट असलेल्या माणसाच्या पाठीने संप करावा, याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मग त्याने पेरिस गावात काउबॉय बूट आणि टोप्या विकायला सुरुवात केली. (फ्रान्सचं पॅरिस नव्हे! हे पेरिस कॅलिफोर्नियात आहे, रिव्हरसाइडच्या दक्षिणेला. कलाकाराची सुरुवात पॅरिसला झाली असं म्हणायची संधी थोडक्यात हुकली.)

या बुटांच्या धंद्यातच पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज आहे. एका गिऱ्हाइकाशी त्याने अदलाबदल केली: बूट दिले आणि वेल्डिंगचं मशीन घेतलं. रोख व्यवहार नाहीच! आपल्याकडे भांडीवाली जुने कपडे घेऊन पातेलं देते, तसलाच प्रकार. वेल्डिंगचं रीतसर शिक्षण त्याने घेतलेलं नव्हतं आणि शिल्पकलेचं तर नव्हतंच.

आता मशीन घरात आलं. त्याचं करायचं काय?

उत्तर त्याच्या लहान मुलीने दिलं. 2001 साली 'ज्युरासिक पार्क'चा तिसरा भाग आला. तो पाहून ती बापाकडे हट्ट धरून बसली, मला डायनोसॉर पाहिजे. दुसरा कोणीही बाप दुकानातून प्लॅस्टिकचा आणून मोकळा झाला असता. या बाबाने लोखंडाचा करायला घेतला, आणि तोही खऱ्याच्या मापाचा. जवळजवळ 20 फूट उंच टी. रेक्स. म्हणजे दोन मजली घराएवढा. मुलीचा चेहरा तो बघून कसा झाला असेल याची मी पुष्कळदा कल्पना करतो. आपल्या घरात ठेवता येणार नाही असं खेळणं मिळालेली ती जगातली एकमेव मुलगी असावी. :)

एकदा हात बसल्यावर तो थांबला नाही. आणखी डायनोसॉर झाले, घोडे झाले. पेरिसला महामार्गाजवळ ही जनावरं उभी राहिली आणि येणारेजाणारे गाड्यांतून माना वळवून बघायला लागले. कोणी विकतही घेऊ लागले. इथपर्यंतची गोष्ट फार तर 'हौशी माणसाचा जोडधंदा' या सदरात मोडली असती. पण त्या बघणाऱ्यांत एक डेनिस एव्हरी नावाचे गृहस्थ होते.

एव्हरी हे नाव तुम्ही न ओळखता रोज वापरता. मागचा कागद सोलून चिकटवायची लेबलं असतात ना, वह्यांवर, बाटल्यांवर, पार्सलांवर? ती लेबलं यांच्या वडिलांनी 1935 साली बाजारात आणली आणि त्यातून मोठी कंपनी उभी राहिली. डेनिस एव्हरींनी बोरेगो स्प्रिंग्जमध्ये साधारण तीन चौरस मैल जमीन घेऊन ठेवली होती. जमीन सलग नाही, गावाभोवती तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली. तिथे उगवणाऱ्या एका गवतावरून तिचं नाव 'गायेटा मेडोज'. एवढी जमीन हातात असलेला माणूस साधारण काय करतो ते पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांना मी सांगायला नको. प्लॉट पाडतो, कमान उभारतो आणि 'ड्रीम सिटी' असं नाव देतो.

एव्हरींनी जमीन मोकळी ठेवली. कुंपण घातलं नाही, तिकीट लावलं नाही. त्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. 2006 साली या वाळवंटात सापडलेल्या जीवाश्मांवर एक जाडजूड सचित्र पुस्तक निघालं होतं. त्या पुस्तकातले प्राणी, ते जिथे एके काळी चालले त्याच मातीवर पुन्हा उभे करायचे! हे काम त्यांनी कोणा नामांकित शिल्पकाराला न देता पेरिसच्या बूटवाल्या वेल्डरला दिलं. एप्रिल 2008 मध्ये पहिलं कुटुंब वाळवंटात आलं. कुटुंब कोणाचं? तर गोम्फोथेअर या प्राण्याचं. हा हत्तीचा नामशेष झालेला भाऊबंद. मोठा सुळेवाला आणि त्याच्या पायाशी पिल्लू, असे ते आजही उभे आहेत. आपण गणपतीच्या देशातून आलेली माणसं. वाळवंटात अचानक हत्ती दिसला की हात आपोआप छातीशी जातो.

मग एकामागून एक सगळे आले. मॅमथ, तलवारीसारख्या सुळ्यांचे वाघ, बैलाएवढे आळशी अस्वलासारखे दिसणारे जमिनीवरचे स्लॉथ, महाकाय कासवं, 16-17 फूट पंखांचा पक्षी. आणि उंट नि घोडे! उंट पाहून आपले लोक हमखास विचारतात, "हा इथे कुठे?" मग मला सांगायला फार आवडतं की उंट आणि घोडा या दोघांचंही मूळ गाव उत्तर अमेरिकाच. तिथून ते आशियात गेले, पसरले, आणि मूळ गावात मात्र हिमयुगाच्या शेवटी नामशेष झाले. घोडा परत आला तो थेट स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून. म्हणजे राजस्थानातला उंट हा मुळात अमेरिकन एनआरआय आहे म्हणायचा!

एक गंमत सांगायलाच हवी. बोरेगोत ब्रेसेडाचे डायनोसॉरही आहेत. पण या वाळवंटात खऱ्या डायनोसॉरचं एकही हाड सापडलेलं नाही. इथले थर त्यांच्या मानाने फारच अलीकडचे, गेल्या सत्तर-ऐंशी लाख वर्षांतले, आणि डायनोसॉर तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच संपले. शास्त्राच्या हिशेबाने ते इथे उपरेच. पण त्या मुलीचा हट्ट नसता तर बाकीचे 'खरे' प्राणीही आले नसते, तेव्हा त्यांचा मान आहेच.

आता कामाबद्दल थोडं. लांबून बघताना जनावर जिवंत वाटतं, जवळ गेलं की कळतं की सगळा पत्रा आहे. आत सळयांचा सांगाडा, त्यावर लोखंडी पत्र्याचे तुकडे कापून, ठोकून, वाकवून जोडलेले. मॅमथची लोकर म्हणजे पत्र्याच्या बारीक पट्ट्या. मानेच्या सुरकुत्या हातोडीने पाडलेल्या. रंग दिलेला नाही, रंग गंजाने दिला आहे. आणि हा गंज म्हणजे या कामातला दुसरा कारागीर. कोकणात हाच हत्ती ठेवला असता तर काही पावसाळ्यांत त्याची चाळण झाली असती. बोरेगोच्या कोरड्या हवेत मात्र गंज पृष्ठभागावर तांबूस साय धरून बसतो, खाली फार हळू उतरतो. संध्याकाळी डोंगरांचा आणि या जनावरांचा रंग एक होतो. ही शिल्पं वाळवंटाबाहेर न्यावीत असं म्हणूनच मला वाटत नाही. निम्मं काम हवेने केलं आहे.

लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फॅब्रिकेशनचं दुकान होतं. ग्रिल, फाटकं, शटर. तिथले मिस्त्री फाटकाच्या मधोमध पत्र्याचा मोर बसवून द्यायचे, आणि प्रत्येक मोराची मान वेगळी. आम्ही पोरं लांबून ठिणग्या बघायचो, मागून आई ओरडायची, "डोळे जातील!" त्या मिस्त्रींना कोणी कधी कलाकार म्हटलं नाही, आणि त्यांनाही तसं वाटलं नसावं. मोराचे पैसे वेगळे लागायचे, एवढाच काय तो मान. ब्रेसेडाचा घोडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो मोर आठवला. दोघांच्या हातात फारसा फरक नव्हता. फरक होता तो मिळालेल्या जागेत. एकाला चार बाय सहाचं फाटक मिळालं, दुसऱ्याला तीन चौरस मैल.

आता अँझाकडे येतो. हुआन बाउतिस्ता दे अँझा हा स्पॅनिश लष्करी अधिकारी. 1774 मध्ये त्याने मेक्सिकोच्या बाजूने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापर्यंत खुष्कीची वाट शोधली आणि 1775-76 मध्ये सुमारे 240 माणसं घेऊन त्याच वाटेने पुन्हा निघाला. सैनिक, बायका, मुलं आणि गुरांचे कळप. सॅन फ्रान्सिस्कोची पहिली स्पॅनिश वस्ती यांचीच. ही मंडळी याच वाळवंटातून गेली. 1775 च्या नाताळच्या आदल्या रात्री इथल्या एका घळीत त्यांच्यातल्या एका बाईने मुलाला जन्म दिला. सोबत पेद्रो फॉन्ट नावाचे पाद्री होते, त्यांनी रोजनिशी लिहिली म्हणून आपल्याला हे कळतं. ब्रेसेडाने अँझाही केला आहे आणि हे पाद्रीबुवाही.

आणि शेतमजूरही केले आहेत. वाकून काम करणारी पत्र्याची माणसं. द्राक्षं म्हटली की आपल्याला नाशिक-सांगली आठवतं, पण या वाळवंटातही एके काळी द्राक्षांचे मोठे मळे होते, जमिनीखालचं पाणी उपसून पिकवलेले. 1965 मध्ये कॅलिफोर्नियात द्राक्षमजुरांचा प्रसिद्ध संप सुरू झाला, तो 1966 मध्ये बोरेगोच्या मळ्यांपर्यंत पोचला, आणि सीझर चावेझ यांना इथेच अटक झाली होती. ते मळे आता नाहीत.

मला इथे थांबून विचार करावासा वाटतो. 1848 पर्यंत ही सगळी जमीन मेक्सिकोची होती. अँझाबरोबर आलेली माणसं आजच्या मेक्सिकोतलीच होती. मळ्यांत राबणाऱ्यांत मेक्सिकन मजूर होतेच. आणि त्या सगळ्यांना लोखंडात उभं करणारा ब्रेसेडाही तिथलाच, त्यांच्यासारखाच पोटासाठी उत्तरेला आलेला. संग्रहालयात हे काम एखाद्या समितीने केलं असतं तर अँझा चौथऱ्यावर चढला असता आणि मजूर तळटीपेत गेला असता. इथे दोघेही एकाच वाळूत, एकाच पत्र्याचे. एकाला चौथरा नाही आणि दुसऱ्याला तळटीप नाही.

2011 मध्ये त्याने सगळ्यात गाजलेलं काम पुरं केलं. 350 फूट लांबीचा सर्प. डोकं ड्रॅगनचं, शेपूट खुळखुळ्या सापाचं. वाळूतून वर येतो, पुन्हा बुडी मारतो, रस्त्याखालून पलीकडे निघतो. प्रत्यक्षात रस्त्याखाली काही नाही, पण मुलं हमखास डांबराला कान लावून बघतात.

पुढच्याच वर्षी, 2012 मध्ये, डेनिस एव्हरी वारले. आश्रयदाता गेल्यावर आश्रिताचं काय होतं हे आपल्या इतिहासात आपण पुष्कळ वाचलं आहे. संस्थानं विलीन झाली तेव्हा किती गवई, किती पैलवान, किती चितारी एका रात्रीत उघडे पडले! ब्रेसेडाचं तसं झालं नाही, कारण त्याने दुकानदाराचं डोकं कधी सोडलंच नव्हतं. पेरिसनंतर अग्वांगाच्या बाजूला त्याने आपलं वर्कशॉप थाटलं, रस्त्याकडेला जनावरं उभी केली आणि विकायला लागला. घोडे, गरुड, विंचू, ज्याला जे हवं ते. बोरेगोतले प्राणी तिथेच राहिले, आजही फुकट बघता येतात.

तुम्ही म्हणाल, हे एकाचं नशीब झालं. वाळवंटातल्या दुसऱ्या एका कलाकाराचा रस्ता बघा. नोआ प्युरिफॉय, जन्म 1917, अलाबामातल्या कृष्णवर्णीय कुटुंबात. हा मात्र रीतसर शिकलेला. शिक्षक झाला, समाजकार्याची पदवी घेतली, मग चाळिशीच्या उंबरठ्यावर लॉस एंजेलिसच्या कलाशाळेतून पदवी घेतली. 1965 मध्ये तिथल्या वॉट्स वस्तीत दंगल झाली, तेव्हा जळालेलं लोखंड, वितळलेल्या निऑन पाट्या गोळा करून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शिल्पं केली. पुढे अकरा वर्षं कॅलिफोर्नियाच्या कला परिषदेवर होता. आणि 1989 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, सगळं सोडून जोशुआ ट्रीच्या वाळवंटात राहायला गेला. 2004 मध्ये वारला, तोपर्यंत भंगारातून मोठमोठी शिल्पं करत राहिला. एक बूट विकता विकता आला, दुसरा परिषदेतून उठून आला. दोघांनाही वाळवंटाने एकच गोष्ट दिली: जागा. आणि "हे इथे ठेवायचं नाही" असं म्हणणाऱ्यांची अनुपस्थिती.

हे सगळं आत्ता लिहायला एक कारण आहे, आणि घरचे वाचत असल्यामुळे ते लपवण्यात अर्थ नाही. माझ्या भाच्याने या वर्षी इंजिनिअरिंग सोडलं. त्याला लाकूडकाम शिकायचं आहे. तेव्हापासून आमच्या फोनवर दुसरा विषय नाही. ताई म्हणते, "तू तिकडे लांब आहेस, तुला बोलायला काय जातंय?" बरोबर आहे तिचं. म्हणून मी "बघा, ब्रेसेडा कुठून कुठे गेला" असं म्हणणार नाही. एका ब्रेसेडामागे कितीतरी मिस्त्री फाटकावरच्या मोरापाशीच थांबले, हे मला दिसतं. पडलेल्या प्रत्येक मजुराला एव्हरी भेटत नाही.

पण ब्रेसेडावर 2012 साली एक चरित्रपुस्तक निघालं, त्याच्या नावातच त्याला 'अपघाताने झालेला कलाकार' म्हटलं आहे, त्याबद्दल मात्र मला बोलायचं आहे. अपघात झाला, खरं आहे. एक बांधकामावरचा, एक बुटांच्या बदल्यात मशीन मिळण्याचा, एक एव्हरींच्या नजरेस पडण्याचा. पण पहिल्या आणि शेवटच्या अपघाताच्या मध्ये काही वर्षं होती. त्या वर्षांत कोणी बघत नसताना हातोडी रोज पडत होती. एव्हरींना रस्त्याकडेला जे दिसलं ते त्याचं नशीब नव्हतं, तयार झालेला हात होता. तो हात तयार व्हायला मुलीचा हट्ट पुरला. बाजारभाव, स्कोप, प्लेसमेंट यातलं काहीही लागलं नाही.

ताई, म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. भाचा कुठे पोचेल ते तुला, मला, त्यालाही माहीत नाही. करिअरचा रस्ता हा माणूस चालून गेल्यावर मागे वळून काढलेला नकाशा असतो, आणि मग तो फार सरळ दिसतो. त्याला विचारायचंच असेल तर "पुढे काय?" हे विचारू नकोस. रंधा हातात घेतल्यापासून किती फळ्या वाया घालवल्या ते विचार. आकडा मोठा असेल तर निदान आत्तापुरती चिंता सोड.

आणि सुट्टीत त्याला इकडे पाठव. हत्ती दाखवायचे आहेत.